कॅम्परच्या हौद्यात दुसरी बॅटरी आणि सोलर: आधी सेल्फची बॅटरी सांभाळा

प्रश्न असा आहे. घरची २०२१ची बोलेरो कॅम्पर. मागच्या हौद्यावर फायबरची कॅनोपी बसवली आहे. चार माणसं डिसेंबरात आणि मे महिन्यात कोकणात तीन-चार दिवस मुक्काम करणार, शिवाय एकदा जूनमध्ये हिमाचलातल्या स्पितीला जायचं आहे. सोबत चाळीस लिटरचा बारा व्होल्टवरचा फ्रिज, दिवे, एक पंखा, चार मोबाइल, एक लॅपटॉप आणि पाण्याचा छोटा पंप. बॅटरीच्या दुकानदाराचं म्हणणं, दीडशे एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) ट्युब्युलर बॅटरी हौद्यात ठेवू, गाडीच्या बॅटरीला पॅरलल जोडू, मध्ये एक स्विच टाकू, वर हजार वॅटचा इन्व्हर्टर लावू. हवं तर छतावर एक सोलर पॅनेल. एवढ्यात भागेल का?

नाही भागणार. आणि काही महिने भागलं, तरी ज्या दिवशी नाही भागणार त्या दिवशी तुम्ही घरापासून लांब असाल.

मी कोल्हापुरात वीस-बावीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. उसाच्या ट्रॅक्टरवरचे टेप, रुग्णवाहिका, दिंडीचे ट्रक आणि अलीकडे अशा कॅम्पिंगच्या गाड्या. या सगळ्यांत माझा एक नियम पक्का झाला आहे: ज्या बॅटरीवर सेल्फ फिरतो, तिला दुसऱ्या कोणाचाही हात लागू द्यायचा नाही. बाकी सगळं या नियमाच्या मागून येतं. स्विचवाल्या पद्धतीत हा नियम तुमच्या आठवणीवर सोडलेला असतो. रात्री अकरा वाजता दमून झोपताना स्विच बंद करायचा राहिला की फ्रिज दोन्ही बॅटऱ्या मिळून खातो. सकाळी चावी फिरवली की नुसतं टक टक. भरलेली कॅम्पर समुद्राकाठच्या वाळूत ढकलून चालू होत नाही. दुसरं असं, की एक बॅटरी उतरलेली आणि दुसरी भरलेली असताना तो स्विच मारला, तर एकदम मोठा करंट धावतो आणि स्विचचे पॉइंट जळतात. पाच-सहा महिन्यांनी तो स्विच हाताला गरम लागायला लागतो तो त्यामुळेच.

खरेदीला जाण्याआधी वही घेऊन बसा आणि दिवसाचा खर्च मांडा. तुमच्या सामानावरून मी मांडून देतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना साधारण चार अँपिअर घेतो. मे महिन्यात बंद कॅनोपीत तो निम्म्याहून थोडा कमी वेळ चालेल, म्हणजे दिवसाचे चाळीस एएच धरा. एलईडी दिवे एक अँपिअरने पाच तास, पाच. पंखा दोन अँपिअरने आठ तास, सोळा. चार मोबाइल आठ, लॅपटॉप सहा, पंप एक. बेरीज शहात्तर. डिसेंबरात फ्रिज आणि पंखा दोन्ही कमी लागतील. स्पितीत पंखा नाहीच, फ्रिजही अर्ध्यावर येईल, तिथे चाळीसमध्ये दिवस निघतो. आपण मे महिन्याचा शहात्तरचा आकडा धरून चालू.

आता बॅटरी. ट्युब्युलर बॅटरी घरच्या इन्व्हर्टरला उत्तम आहे, मी स्वतः घरी तीच वापरतो. गाडीत नको. दीडशे एएचची बॅटरी भरते पन्नास किलोच्या वर, आणि तिचं आयुष्य राखायचं तर निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे हाताशी पंचाहत्तरच. शिवाय शिसे-ॲसिडची बॅटरी शेवटचा वीस टक्के भाग फार सावकाश पिते. रोज तीन-चार तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये ती कधीच पूर्ण भरत नाही, आणि अर्धवट भरलेली राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट धरतं. त्यात चार्जिंगला हायड्रोजन निघतो आणि तुम्ही त्याच कॅनोपीत झोपणार. म्हणून शंभर एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. वजन बारा किलोच्या आसपास, आणि शंभरातले ऐंशी-नव्वद बिनघोर वापरता येतात. घेताना बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरीच्या आतल्या रक्षक सर्किटमध्ये, शून्य अंशाखाली चार्जिंग आपोआप तोडण्याची सोय आहे का, हे दुकानदाराला विचारा आणि कागदावर लिहून घ्या. स्पितीसाठी ही एक गोष्ट निर्णायक आहे, कारण गोठलेल्या लिथियम सेलला चार्ज दिला की आत धातूचा थर चढतो आणि सेल कायमचा बिघडतो. ती वापरायला थंडीत हरकत नाही, चार्ज करायला आहे. तिथलं चंद्रताल सरोवर चार हजार मीटरच्या वर आहे, तिथे जूनमध्येही पहाटे पारा शून्याला टेकू शकतो. म्हणून बॅटरी हौद्याच्या पत्र्याला चिकटवून ठेवू नका. खाली लाकडी फळी आणि जाड फोम घाला, वरून पट्ट्याने आवळा. इंजिनपाशी तर मुळीच नको, उष्णतेने तिचं आयुष्य कमी होतं.

चालत्या गाडीवर ही बॅटरी कशी भरायची, हा सगळ्या कामाचा गाभा आहे. लोक सोलरबद्दल तासभर विचारतात आणि याबद्दल पाच मिनिटं. जुन्या गाड्यांत व्होल्टेजवर चालणारा रिले लावत असू. मुख्य बॅटरी १३.३ व्होल्टच्या वर गेली की तो दोन्ही जोडतो, १२.८च्या खाली आली की तोडतो. ॲसिड बॅटरी आणि साधा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) असेल तर तो आजही इमानदारीने काम करतो. पण एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नवे नियम आले, आणि डिझेल वाचवायला बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरचं व्होल्टेज कॉम्प्युटर कमी-जास्त करतो. अर्धा तास गाडी पळवा, मग इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टीमीटर लावा. १३.८ ते १४.४ दिसलं तर अल्टरनेटर साधा. साडेबारा-तेराच्या आसपास रेंगाळत असेल तर तो हुशार अल्टरनेटर, आणि तिथे रिले सारखा तुटत-जुळत राहील, बॅटरी भरणार नाही.

लिथियमच्या बाबतीत तर साधा अल्टरनेटर असला तरी थेट जोडणी नको. तिचा आतला विरोध इतका कमी असतो की रिकामी असताना ती अल्टरनेटर देईल तेवढा करंट ओढते. ट्रॅफिकमध्ये गाडी आयडलला उभी असते, अल्टरनेटरचा पंखा मंद फिरत असतो, आणि तो पूर्ण लोडवर तापत राहतो. त्याचा शेवट वाइंडिंग जळण्यात होतो. म्हणून मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे गाडीकडून ठरलेलाच करंट घेऊन दुसरी बॅटरी भरणारा डबा, हवाच. तीस अँपिअरचा घ्या, सेटिंग लिथियमची ठेवा, आणि तो चालू होण्याचा सिग्नल इग्निशनच्या फ्यूजवरून घ्या, म्हणजे चावी काढली की तो बंद. इथे स्विच आठवणीत ठेवायची गरजच उरत नाही. कोल्हापूर ते मालवण घाटाने चार तास धरले, तर तीसच्या हिशेबाने एकशेवीस एएच वाटेतच मिळतात. पूर्ण रिकामी बॅटरीसुद्धा मालवणला पोचेपर्यंत भरलेली असेल. सोलरवर एक पै न लावताही पहिला दिवस सुटला.

वायरच्या बाबतीत मात्र माझं ऐका आणि एक पैसाही वाचवू नका. बॉनेटपासून हौद्यापर्यंत पाच मीटर, जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. तीस अँपिअरला चार स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर वाटेतच १.३ व्होल्ट खाल्ले जातात आणि ती वायर तापते. सोळा स्क्वेअर एमएमला तेच नुकसान ०.३३ व्होल्ट. सोळाचीच टाका. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून सर्रास खपते. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरं चमकलं तर परत द्या.

आता फ्यूज. सुरुवातीच्या वर्षांत मी एका जीपला दुसरी बॅटरी लावून दिली होती. मुख्य बॅटरीपाशी फ्यूज टाकला, मागच्या टोकाला टाकला नाही, कारण माझ्या डोक्यात करंट पुढून मागे जातो एवढंच होतं. आंबोली घाट उतरताना चॅसिसच्या एका ब्रॅकेटवर घासून वायरचं रबर फाटलं. पुढचा फ्यूज लगेच उडाला, पण मागची बॅटरी त्याच जागी शॉर्टला करंट देत राहिली. मालकाला वास आला, त्याने गाडी थांबवली आणि मागच्या बॅटरीचा लग (वायरच्या टोकाला दाबलेली धातूची कडी) पान्याने सोडवला. त्याच्या तळहातावर भाजल्याचा डाग राहिला. चूक माझी होती, आणि ती मी आजही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. या वायरला दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून फ्यूजही दोन्ही टोकांना हवा, आणि तो टर्मिनलपासून एका वितेच्या आत. तुमच्या कामाला दोन्हीकडे साठ अँपिअरचे, बोल्टने आवळायचे. लिथियमच्या प्लसवर सगळ्यांच्या आधी ऐंशी अँपिअरचा एक वेगळा मुख्य फ्यूज. पात्याचे छोटे फ्यूज फक्त दिवे, पंखा, पंप अशा लहान लाइनींना.

वायर चॅसिसच्या कडेने न्या, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने, नालीदार पाइपातून, आणि दर वितेवर टाय. पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट नसेल तर ती वायर टाकलीच नाही असं समजा.

लग कसा दाबायचा ते नीट सांगतो, कारण निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. लगाच्या नळीची लांबी वायरवर धरून खूण करा आणि तेवढंच रबर कापा. कापताना ब्लेड वायरभोवती फिरवा, पण तांब्याला लागू देऊ नका. चार-पाच तारा तुटल्या तर ते टोक छाटून पुन्हा सुरू करा. तारा पिळू नका, सरळ आत सरकवा, नळीच्या खिडकीतून तांबं दिसलं पाहिजे. मग हायड्रॉलिक क्रिम्पिंगने सोळाच्याच डायमध्ये दाबा, षटकोनी ठसा उमटला पाहिजे. हातोडा-छिन्नीने ठोकलेला लग पहिल्या दिवशी चालतो, खड्ड्यांच्या रस्त्यावर सहा महिन्यांत ढिला होतो. नुसता सोल्डर केलेलाही नको. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि हादऱ्याने तिथेच तुटते. दाबून झालं की लग पकडीत धरून पूर्ण ताकदीने ओढा. सुटायचा असेल तर इथेच सुटू दे. मग वरून हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी.

अर्थिंगसाठी हौद्याच्या पत्र्यावर भरवसा ठेवू नका. कॅम्परचा हौदा आणि केबिन वेगवेगळे आहेत, हौदा चॅसिसवर बोल्टांनी बसलेला, मध्ये रंग आणि गंज. निगेटिव्हची सोळाचीच वायर चॅसिसपर्यंत न्या, तिथला रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर टाका, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन फासा. पुढे मुख्य बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर छोटा सेन्सर बसवलेला असेल, तर तुमची कोणतीही वायर थेट त्या टर्मिनलवर बांधू नका, बॉडीवर बांधा. नाहीतर गाडीच्या कॉम्प्युटरला तुमचा करंट दिसत नाही आणि तो चुकीचा हिशेब धरून बसतो.

आता सोलर. सोलरचं काम बॅटरी भरणं हे नाही, गाडी उभी असताना मुक्काम लांबवणं हे आहे. छतावर सपाट बसवलेले दोनशे वॅट डिसेंबरच्या स्वच्छ कोकणात दिवसाला सव्वासहाशे वॉट-अवरच्या आसपास देतात, म्हणजे अठ्ठेचाळीस एएच. मे महिन्यात थोडे जास्त. रोजचा खर्च पूर्ण शहात्तर धरला तरी तूट अठ्ठावीसची. भरलेल्या बॅटरीवर ही तूट तीन दिवस निभते, आणि तुमचा मुक्काम तीन-चार दिवसांचाच आहे.

पण इथे एक पेच आहे. तारकर्लीला गाडी सुरूच्या बनात लावली तर तुम्हाला सावली आणि पॅनेलला शून्य. उन्हात लावली तर पॅनेल खूश, आणि कॅनोपी भट्टी होऊन फ्रिज दुप्पट खातो. म्हणून दोनशेचं एकच पॅनेल छतावर ठोकू नका. शंभर वॅटचं एक छतावर, शंभरचं दुसरं घडीचं, सहा-सात मीटर वायरसह. गाडी सावलीत, घडीचं पॅनेल उन्हात, दर दोन तासांनी सूर्याकडे वळवायचं. तिरकं धरलेलं ते एक पॅनेल डिसेंबरात छतावरच्यापेक्षा जास्त देतं. मुलांना हे काम द्या, त्यांना आवडतं.

दोन्ही पॅनेल पॅरलल जोडा, म्हणजे एकावर सावली आली तरी दुसरं अडत नाही. कंट्रोलर, म्हणजे पॅनेल आणि बॅटरीच्या मधला चार्जिंग सांभाळणारा डबा, एमपीपीटी प्रकारचाच घ्या. पीडब्ल्यूएम प्रकारचा पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो, त्यामुळे शंभर वॅटच्या पॅनेलमधून सत्तरेकच हाती येतात. कुणी सिरीजमध्ये जोडायला सांगितलं तर कंट्रोलरची कमाल मर्यादा वाचा. थंडीत पॅनेलचं व्होल्टेज वाढतं. लोड नसताना एका पॅनेलचे बावीस, दोघांचे चव्वेचाळीस, आणि उणे दहाला तेच अठ्ठेचाळीसच्या पुढे जातात. पन्नास व्होल्टचा स्वस्त कंट्रोलर असल्या सकाळी धोक्याच्या कडेवर असतो. उलट कोकणात छतावरचं पॅनेल पासष्ट अंशांवर तापतं आणि लोडवरच्या अठराचे साडेपंधरा व्होल्ट होतात. म्हणून पॅनेलखाली इंच-दीड इंच मोकळी जागा ठेवा, वारा खेळू द्या. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल. सोडवताना उलटं. सोलर आणि डीसी-टू-डीसी एकाच डब्यात असलेली यंत्रंही मिळतात. मी वेगवेगळी लावतो, एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येता येतं.

पावसाळ्याचं विचारलं नाही, तरी सांगतो. दर वर्षी ज्येष्ठात मी एका दिंडीचा ट्रक तयार करून देतो. माइक, दिवे, मोबाइल चार्जिंगचा बोर्ड. आळंदी ते पंढरपूर ट्रक रोज एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला, म्हणजे थोडंच अंतर चालतो, आणि वर आषाढाचे ढग. अल्टरनेटरही पोट भरत नाही आणि सोलरही नाही. तिथे गावातल्या मुक्कामी २३० व्होल्टवरचा चार्जरच कामी येतो. तुम्हीही वीस अँपिअरचा लिथियमचा चार्जर पेटीत ठेवा, कुणाच्या ओसरीवर मुक्काम पडला तर चार-पाच तासांत बॅटरी भरते. त्याच ट्रकमुळे आणखी एक सांगतो: मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या मिळून चोवीस व्होल्ट असतात, आणि लोक बारासाठी त्यातल्या एकीवरून वायर काढतात. ती एक उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. तिथे चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर लावायचा.

इन्व्हर्टर तुम्हाला नको. नुसता चालू ठेवला तरी हजार वॅटचा इन्व्हर्टर एक अँपिअरच्या आसपास खातो, म्हणजे दिवसाला वीस-चोवीस एएच, तुमच्या पंख्यापेक्षा जास्त. लॅपटॉपला बारा व्होल्टवर चालणारा टाइप-सी चार्जर मिळतो. इंडक्शनचा विचार मनातून काढून टाका, गॅसची छोटी शेगडी घ्या.

फ्रिजला सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालवू नका. मागच्या वर्षी एक गिऱ्हाईक आलं, फ्रिज रोज मध्यरात्री बंद पडतो म्हणून कंपनीला शिव्या देत. बॅटरीवर १३ व्होल्ट, आणि कॉम्प्रेसर चालू असताना फ्रिजच्या प्लगपाशी दीड व्होल्ट कमी. बारीक वायर आणि सॉकेटचा ढिला स्प्रिंग, दुसरं काही नव्हतं. त्यात फ्रिजचं बॅटरी-प्रोटेक्शन, म्हणजे बॅटरी उतरली की फ्रिज बंद करणारी सोय, हाय वर. ते सेटिंग गाडीच्या मुख्य बॅटरीसाठी असतं. सहा स्क्वेअर एमएमची वेगळी लाइन ओढली, पंधराचा फ्यूज आणि घट्ट बसणारा अँडरसन प्लग लावला, सेटिंग लो केलं. फ्रिज रात्रभर चालला.

आणखी एक वस्तू घ्या, शंटवर चालणारा बॅटरी मॉनिटर. लिथियमचं व्होल्टेज नव्वद टक्क्यांपासून चाळीसपर्यंत जवळजवळ तेच दिसतं, त्यामुळे व्होल्टमीटरवरून काहीच कळत नाही. शंट निगेटिव्हमध्ये बसतो आणि आत किती गेलं, बाहेर किती आलं ते मोजतो. सगळ्या निगेटिव्ह शंटच्या, बॅटरी नसलेल्या बाजूलाच आल्या पाहिजेत. एक जरी थेट बॅटरीवर राहिली तरी हिशेब खोटा.

कागदाचं थोडक्यात. गाडीत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ची बंधनं आहेत. कॅनोपी आणि छतावर कायम बोल्ट केलेलं पॅनेल याबद्दल आधी आरटीओत विचारा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

सगळं बसलं की पहिली रात्र दारातच काढा. फ्रिज भरून, पंखा लावून, चौघांनी कॅनोपीत झोपायचं. सकाळी आधी मुख्य बॅटरी मोजा, रात्रीइतकीच म्हणजे १२.६च्या आसपास दिसली पाहिजे. एक दशांश व्होल्टपेक्षा जास्त उतरली असेल तर कुठलीतरी वायर चुकीच्या बाजूला लागली आहे, ती सापडेपर्यंत निघू नका. मग गाडी चालू करा, दहा मिनिटं डीसी-टू-डीसी पूर्ण तीसवर चालू द्या आणि प्रत्येक लगावर, प्रत्येक फ्यूजवर उलटा हात टेकवून बघा. जो गरम लागेल तो पुन्हा दाबायचा. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे नट परत एकदा आवळा, तांबं थोडं बसतं.